दोन बोटं आखूड दुनळी

साहेब, जानाबिलच्या आजोबांची ठासणीची बंदूक तुमच्या माणसांनी भिंतीवरून काढून नेली. बेकायदा आहे म्हणालात, कायदेशीर घ्या म्हणालात. घेतली. मग म्हणालात, जिथे लांडगे येतात तिथे ती ठेवायची नाही. लांडग्याला दोष नाही, तो त्याचं पोट भरतो. पुढे जे झालं ते तुम्ही केलंत. कसं केलंत, ते ऐकायला तरी बसा.

तारबगताय डोंगराच्या एका खोऱ्यात कुल्पाश आणि तिचा नवरा जानाबिल हिवाळाभर मेंढरं राखतात. गाव खाली, घोड्यावरून दिवसभराच्या वाटेवर. वर मातीच्या विटांचं दोन खोल्यांचं घर, त्याला चिकटून मेंढवाडा, पुढे दगडी कुंपण. पोरं शहरात. जानाबिलची नजर बर्फाने खाल्लेली. माणूस समोर आला तर ओळखतो, माणसामागचा डोंगर त्याला दिसत नाही. परवान्याच्या कागदावर डॉक्टरने त्याला सही दिली नाही. म्हणून मग पन्नाशी उलटलेल्या बायकोच्या नावावर घरातली पहिली कायदेशीर बंदूक घ्यायची ठरली.

"आयुष्यभर मी बार काढले आणि परवाना हिला," जानाबिल म्हणाला.

"अहो, आयुष्यभर तुम्ही काढलेल्या बारांपैकी निम्मे डोंगराला लागले," कुल्पाश म्हणाली. "डोंगर मेला नाही अजून."

सहा मेंढ्या विकल्या. त्यात बंदूक, पेटी, कागद, काडतुसं सगळं बसवायचं होतं. सातवी विकली असती तर वसंतात कोकरं कमी झाली असती. त्यामुळे एकच बंदूक, आणि तिने सगळी कामं करायची. कुंपणावर आलेला लांडगा, कोंबड्यांमागे लागलेला कोल्हा, हंडीत घालायला ससा, शरदात तळ्यावर उतरलेली बदकं. श्रीमंताकडे प्रत्येक जनावराला वेगळी बंदूक असते. गरिबाची एकच, आणि ती सुनेसारखी. सगळं तिनेच करायचं.

बंदुकांचं दुकान तालुक्याच्या बाजारात, खिळे-कुलुपांच्या दुकानामागे चार पायऱ्या उतरून. दुकानदार जखार नावाचा रशियन म्हातारा. हिवाळा लागायला अजून अवकाश होता, लोक सदऱ्यावर हिंडत होते. कुल्पाश मात्र मेंढीच्या कातड्याचा जाडजूड डगला खांद्यावर टाकून आली. सोबत जानाबिल, आणि भाचा एरजिगित. एरजिगित जानाबिलच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, तिशी पार केलेला, दाराच्या चौकटीएवढा उंच. तो परवान्यांच्या कचेरीत नोकरीला होता, त्यामुळे मामीचे कागद त्यानेच धावपळ करून काढून दिले होते. हे त्याचे उपकार लक्षात ठेवण्यासारखे आहेत, पुढे त्याच्याबद्दल वाईट बोलायची वेळ येईल म्हणून आधीच सांगितलं.

"मामी, लग्नाला निघालात की काय डगला घेऊन?" एरजिगित हसला.

"वहिनी, आत शेगडी आहे," जखार म्हणाला. "डगला काढा, बसा."

"बसायला नाही आले," कुल्पाश म्हणाली. "दाखवा."

जखारने आधी एकनळी काढली. सगळ्यांत स्वस्त, काठीसारखी हलकी. बायकांच्या हाताला बरी, असं म्हणाला.

"एक बार झाला की पुढे काय करायचं?" कुल्पाशने विचारलं. "तुमच्याकडचे लांडगे एकेकटे येतात का?"

"आणि हलकी बंदूक खांद्याला लाथ मारते," जानाबिल म्हणाला. "हे तो सांगणार नाही."

"सांगणारच होतो," जखार म्हणाला. "तुम्ही श्वास घेऊ द्याल तर."

मग एरजिगितने भिंतीवरची एक काळी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची बंदूक उचलली. नळीखालची मूठ मागे-पुढे करायची, की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. पाच काडतुसं बसतात. त्याने ती दोनदा खटाखट वाजवून दाखवली आणि स्वतःच खूश झाला.

"मामी, डोळे झाकून हीच घ्या. कचेरीत सगळ्यांकडे हीच आहे."

"कचेरीत शेगडी असते रे," जानाबिल म्हणाला. "आमच्याकडे थंडी उणे चाळीसला जाते. तेल आत चरबीसारखं थिजतं. पहिलं खटाक होईल, दुसऱ्यासाठी लांडग्याला थांबायला सांगायचं का?"

तिसरी दुनळी होती, सोळा नंबरची. सडपातळ, देखणी, नळ्यांवर कोरीव बदकं. कुल्पाशने ती हातात घेतली आणि क्षणभर तिचा चेहरा बदलला, हे जानाबिललाही दिसलं. पण तिने ती परत ठेवली. गावच्या दुकानात साबण मिळतो, चहा मिळतो आणि बारा नंबरची काडतुसं मिळतात. सोळा नंबर मागितला तर ती दुकानवाली पोरगी बुटांचा खोका पुढे करते.

शेवटी कोपऱ्यातली एक जुनी बारा नंबरची दुनळी निघाली. आधीच्या मालकाने ती पाडली होती, म्हणून दस्त्याच्या टाचेशी भेग होती, बोटभर आत गेलेली. भेगेमुळे किंमत उतरलेली. जानाबिलने ती सांध्यात वाकवून उघडली, मांडीवर घेतली, सांधा बोटांनी चाचपला, बंद करून कानाशी हलवली. घोड्याचे दात बघावेत तसं चाललं होतं.

"खुळखुळत नाही," तो म्हणाला. "नळीत तू बघ. काय दिसतं?"

कुल्पाशने नळ्या दाराच्या उजेडाकडे धरल्या. "गोल गोल कड्या. एकात एक."

"कुठे कडी वाकडी? सावली?"

"नाही."

"मग नळी सरळ आहे. पुढचा चाप ओढला की उजवी नळी, छर्रे पसरून जातात. तिच्यात ससा-कोल्ह्याचं बारीक काडतूस ठेवायचं. मागचा चाप ओढला की डावी, ती छर्रे एकवटून लांब नेते. तिच्यात लांडग्याचं. काय पाहिजे ते बोटाने ठरवायचं. एका पैशात दोन बंदुका झाल्या, म्हातारे."

कुल्पाशने आता डगला अंगात घातला, वरचं बटण लावलं आणि बंदूक खांद्याला लावायला गेली. दस्ता बगलेत अडकला. पुन्हा लावली, पुन्हा अडकला.

"डगला काढा ना," एरजिगित म्हणाला.

"लांडगा आला की डगला काढून जाऊ? बाबा, जरा थांब, गारवा सोसत नाही मला, असं सांगू त्याला?" ती जखारकडे वळली. "तुमच्या दुकानात सगळे सदऱ्यावर बंदूक मापतात आणि डगल्यात वापरतात. दस्ता दोन बोटं कापा."

जखार भेगेकडे बघत राहिला. मग हसायला लागला. दोन बोटं कापली की भेगही गेली. भेगेपोटी किंमत तर त्याने आधीच कमी केली होती.

"वहिनी, तुम्ही मला बुडवलंत."

"भेग तुमची होती, तुमच्याकडेच ठेवून जाते."

त्याने तिथेच करवत काढली. कापलेला तुकडा शेगडीत गेला. दस्त्याला कातड्याची टाच ठोकली, आणि दुनळी कुल्पाशच्या खांद्यात अशी बसली की बघणाऱ्याला वाटावं ही तिच्या अंगावरच वाढली. जगात त्या मापाची बंदूक तिच्याशिवाय कुणाच्या कामाची उरली नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात यायचं कारणही नव्हतं.

मग पेटी. बंदूक ठेवायची पोलादी पेटी, भिंतीत बोल्टांनी ठोकलेली असायला हवी. पेटीला भेग नव्हती, म्हणून तिची किंमत पूर्ण. बंदुकीपेक्षा थोडीशीच कमी. कुल्पाश म्हणाली, चोराला घरात सगळ्यांत मौल्यवान वस्तू पेटीच दिसेल.

"आता ही वरच्या घरात ठोकू," जानाबिल म्हणाला.

एरजिगितने मान खाजवली. "मामा, वरचं घर कागदावर घर नाहीये. गुरांचा गोठा म्हणून नोंद आहे. गोठ्याला पत्ता नसतो. परवाना गावातल्या घराच्या पत्त्यावर आहे. पेटी तिथे, आणि बंदूक पेटीत."

"हिवाळाभर मी गोठ्यात राहतो की काय?"

"कागदावर तसंच आहे, मामा."

"गावातल्या घरात हिवाळ्यात उंदीरसुद्धा राहत नाहीत. तिथे बंदूक कुणासाठी?"

एरजिगितने पेटीचं एक टोक उचललं. उत्तर त्याच्या साहेबांकडे होतं, पण त्यांनी ते कुणाला दिलं नाही.

पेटी गावातल्या कुलूपबंद घरात ठोकली. पहिला बर्फ पडायच्या आत कुल्पाश दुनळी कांबळ्यात गुंडाळून वर घेऊन आली. दुसरं काय करणार होती? पेटीतली बंदूक गावात राखण करेल आणि वर आपण हंडे वाजवून लांडगे हाकलू, असं म्हणायला ती काही साहेब नव्हती.

बंदुकीने काम केलं. पहिल्याच बर्फात एक लांडगा कुंपणावर चढला. कुल्पाश डगल्यासकट बाहेर आली आणि मागच्या चापाने त्याला कुंपणावरच लोळवला. त्यानंतर लांडग्यांची टोळी खोऱ्यात फिरकली नाही. मेंढरं शांत झाली, म्हातारा-म्हातारी झोपू लागली. हंडीत ससा शिजला.

पण चूक तिथेच झाली, आणि ही चूक आमच्याच लोकांची. घरात नवी वस्तू आली की शेजारी बघायला येतात, लाभो म्हणतात. शिकार मिळाली की वाटेत भेटेल त्याने वाटा मागायचा, आणि द्यायचा. कुल्पाशने लांडग्याचं कातडं दाराशी टांगलं होतं. शेजारच्या खोऱ्यातून माणसं आली, चहा प्याली, दुनळी हातात घेऊन बघितली, आखूड दस्त्याला हसली, बाईच्या नेमाची तारीफ केली. कुणाच्या मनात पाप नव्हतं. पण कौतुकाला पाय फुटतात. ते चालत चालत कचेरीपर्यंत गेलं.

एरजिगित आला तो ऐन हिवाळ्यात, दिवस कलताना, घोड्याच्या घसरगाडीने. वारा सुटला होता आणि डोंगराच्या कडेला पांढरा धूर उठला होता. तो आत येईपर्यंत मागची वाट पुसली गेली.

"आता उद्यापर्यंत कुठे जात नाहीस," जानाबिल म्हणाला. "बस."

कुल्पाशने दूध घालून चहा केला, आतड्यात भरलेल्या घोड्याच्या मांसाची कांडी कापली, बाउरसाक म्हणजे कणकेचे गोळे तळले. एरजिगित खात होता, पण मान खाली. दाराशेजारी खुंटीला दुनळी होती. तिच्याकडे तो बघत नव्हता, म्हणजे ती त्याला दिसली होती.

"बोल की," कुल्पाश म्हणाली. "घास गिळवत नाहीये तुला."

"मामी, पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः या खोऱ्यात येणार आहेत. कुणाची बंदूक पेटीबाहेर सापडली की जप्त, आणि परवाना कायमचा बंद. दंड वेगळा. तुमचं नाव यादीत पहिलं आहे."

"म्हणून तू आधी जप्त करायला आलास."

"जप्त केली तर तुमच्या नावावर डाग." तो थांबला. "मी मागायला आलोय."

कुल्पाशने हातातली किटली खाली ठेवली.

हे मागणं काय असतं ते आमच्यात पोराटोरांनाही ठाऊक. भाच्याचा मामाच्या घरावर हक्क. आयुष्यात तीनदा तो काहीही मागेल, आणि मामाने नाही म्हणायचं नाही. एरजिगितने पाच वर्षांचा असताना ठिपक्यांचं करडू मागितलं होतं. सैन्यात जाताना तांबडं शिंगरू मागितलं. तिसरं मागणं त्याने जपून ठेवलं होतं. भाच्यावर उगारलेला हात म्हातारपणी थरथर कापतो, अशी म्हण आहे. आणि भाच्याला रिकाम्या हाताने परत धाडणं म्हणजे हात उगारण्यासारखंच.

"माझ्या परवान्यावर चढवून घेतो," एरजिगित भराभर बोलू लागला. "साहेब येतील, बघतील, काही नाही सापडणार. मामाने भाच्याला दिली, संपलं. तुमचा परवाना शाबूत. पुढच्या वर्षी दुसरी घ्या."

"आणि या वर्षी?" कुल्पाशने विचारलं.

"या वर्षी टोळी आलेली नाही ना?"

"का आलेली नाही ते तुला माहीत आहे."

जानाबिल शेगडीकडे तोंड करून बसला होता. त्याला नीट काही दिसत नव्हतं आणि आत्ता त्याला त्याचं बरंच वाटत असावं. मामा म्हणून त्याला नाही म्हणता येत नव्हतं. नवरा म्हणून हो म्हणता येत नव्हतं.

"तिला विचार," तो शेवटी म्हणाला. "परवाना तिचा आहे."

"भाचा कुणाचा आहे?" कुल्पाश म्हणाली.

ती उठली. दुनळी खुंटीवरून काढली. उघडून बघितली, उजवीत बारीक, डावीत मोठं, नेहमीसारखं. तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगणं अवघड नाही. दिली नाही तर साहेब नेणार. दिली तर भाचा नेणार. लपवली तर आधी खबर देणाऱ्या भाच्याची नोकरी जाणार. ठेवून घेतली तर उद्या कुंपणावर हात कापणार, आणि म्हणीवर तिचा विश्वास होता, कारण तिच्या सासऱ्याचा हात शेवटी कापत होता आणि त्याने एकदा भाच्याला चाबकाने मारलं होतं. दारं चार होती, चारही बाहेरून लावलेली.

"घे," ती म्हणाली. "तुला लाभो."

एरजिगितने दोन्ही हातांनी घेतली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगला पोरगा आहे तो. चांगल्या पोरांकडूनच असली कामं करून घेतात.

दिवा लावायच्या आधीच कुत्रा भुंकायला लागला. लांडग्यावर भुंकताना त्याचा आवाज बारीक होतो. मेंढवाड्यात एकदम धडपड सुरू झाली. वाऱ्याने टोळीला खोऱ्यात ढकललं होतं. कुल्पाश सवयीने खुंटीकडे वळली, हात भिंतीला लागला.

"इकडे दे," ती म्हणाली.

"मामी, मी आहे ना." एरजिगित दाराकडे धावला. "मी सैन्यात होतो."

"अरे, ती तुझ्या मापाची नाही."

पण तो बाहेर गेला होता. कुल्पाश मागोमाग, डगल्यात, हातात पेटतं लाकूड. बर्फ आडवा येत होता. कुंपणावर तीन सावल्या होत्या, चौथी आत उतरली होती. एरजिगितने पातळ जाकिटावर दुनळी लावली. दोन बोटं आखूड दस्ता त्याच्या लांब हातांत जवळजवळ गळ्याशी आला, अंगठा नाकासमोर. त्याने पुढचा चाप ओढला, सगळे तोच आधी ओढतात. सशाचे बारीक छर्रे लांडग्याच्या केसांत शिरले. लांडगा किंचाळला आणि आणखी चिडला. धक्क्याने अंगठा एरजिगितच्या नाकावर आदळला, रक्ताने तोंड भरलं, आणि दुसरा बार आभाळात गेला.

"काडतूस," तो ओरडला. काडतुसं कुल्पाशच्या खिशात होती. ती धावली, त्याच्या हातातून बंदूक ओढून घेतली, भरली, खांद्याला लावली. कुणाची आहे हे त्या क्षणी तिने विचारलं नाही. पण तोवर कुंपण मोकळं झालं होतं. तिने वाऱ्यात एक बार काढला, आवाजासाठी.

मेंढी एकही गेली नव्हती. म्होरक्या गेला होता.

म्होरक्या म्हणजे खस्सी केलेला बोकड, गळ्यात घंटा, कळपाचा पुढारी. मेंढरू स्वतःच्या अकलेने बर्फात पाऊल टाकत नाही. बोकड पुढे होतो, वाट फोडतो, त्याच्या घंटेमागे सगळा कळप चरायला जातो. लांडगे नेहमी दुबळ्याला धरतात म्हणतात. या वेळी म्होरक्या आडवा आला असणार. कुंपणापाशी बर्फ लाल होता आणि घंटा पडली होती.

सकाळी वारा पडला. कुल्पाशने मेंढवाड्याचं फाटक उघडलं. मेंढरं फाटकापर्यंत आली आणि थांबली. समोर पांढरं माळरान, वर निळं आभाळ, दार सताड उघडं, आणि एक मेंढी बाहेर पडेना. जानाबिल मागून हाकलत होता, ती एकमेकांच्या अंगावर चढत होती, पण उंबरा ओलांडत नव्हती. आत गवत थोडकंच, वसंतापर्यंत पुरणारं नाही.

एरजिगित अंगणात उभा होता. नाक सुजून वांग्यासारखं झालेलं. त्याने दुनळी पुढे केली.

"मामी, मी मागणं मागे घेतो. ठेवा ही."

"भाच्याला दिलेलं परत घेतलं तर गोठा ओस पडतो," कुल्पाश म्हणाली. "आणि आमच्याकडे गोठाच आहे. घर नाही, तूच म्हणालास."

"मग मी काय करू हिचं? माझ्या खांद्याला बसत नाही ही. कुणालाच बसणार नाही."

"गावातल्या पेटीत ठेव. किल्ली घे. तुझ्या साहेबांना पेटीच पाहिजे होती ना? भरलेली दिसेल."

"आणि तुम्ही?"

कुल्पाशने वाकून बर्फातून घंटा उचलली. रक्त डगल्याला पुसलं. मग ती फाटकातून बाहेर पडली, गुडघाभर बर्फात, वाट फोडत, आणि प्रत्येक पावलाला घंटा वाजवत. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक म्हातारी मेंढी पुढे आली. तिच्यामागे दुसरी. कळप तिच्यामागून निघाला. पन्नाशी उलटलेली बाई, बोकडाची घंटा हातात, खांद्यावर काही नाही.

वळून न बघता ती म्हणाली, "एरजिगित, साहेबांना एक विचार."

तिने काय विचारायला सांगितलं ते एरजिगितने साहेबांना विचारलं की गिळलं, कळायला मार्ग नाही. त्याचीही बायकापोरं आहेत. म्हणून तो प्रश्न इथे लिहिला आहे.

साहेब, ती रोज असा कळप बाहेर काढते. टोळीला रक्ताची चव लागली आहे आणि खोऱ्यात बार वाजत नाही हे लांडग्यांना कळलं आहे. बंदूक तुमच्या पत्त्यावर, तुमच्या पेटीत, तुमच्या कुलपात आहे. कुल्पाश घंटा वाजवत सगळ्यांच्या पुढे चालते. लांडगे येतील तेव्हा ते आधी कुणापाशी येतील?

हो-नाही चालणार नाही. नाव सांगा.